उचला जीप, पण पाय कुठे रोवलेत ते दाखवा

फाइट मास्टर, पटकथा लेखक आणि दिग्दर्शक मंडळींना खुलं पत्र

स. न. वि. वि.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. तुमचा सिनेमा शुक्रवारी लागतो आणि सोमवारी पहिल्या तासाला त्याचा हिशेब माझ्याकडे येतो. "सर, एका हाताने जीप उचलता येते का?" "सर, माणूस आपल्या ताकदीतली तीस टक्केच वापरतो म्हणे, खरंय?" "सर, मुंगीची ताकद आपल्यात आली तर?" पोरं चेष्टा करत नसतात. एखादा तर वहीत आकृती काढून आणतो, बाण-बिण दाखवून. तुम्ही दोन मिनिटांत उडवलेल्या जिपा मी गेली कित्येक वर्षं फळ्यावर खाली उतरवतोय. म्हटलं, आता थेट तुमच्याशीच बोलावं.

आधी एक सांगून टाकतो. मारामाऱ्या काढून टाका असं सांगायला हे पत्र नाही. शिट्ट्या मारणाऱ्यांत मीही असतो. भीमाने बकासुराला लोळवलं, मारुतीरायाने द्रोणागिरी उचलून आणला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दोघेही वायुपुत्र, तिथे न्यूटनला कोण विचारतो? दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या नायकालाही माफ. माझं भांडण आहे तुमच्या त्या सब-इन्स्पेक्टरशी. त्याला महिन्याच्या महिन्याला पगाराची स्लिप मिळते, आई डबा भरून देते, कुठला वर नाही की कवचकुंडलं नाहीत, आणि तरी तो भर चौकात दीड टनाची जीप बंपरला धरून उचलतो, गरागरा फिरवतो आणि भिरकावतो. त्याच्या अंगात हवी तेवढी ताकद घाला, माझी हरकत नाही. पण ताकद कशाच्या तरी आधारावर उभी असते आणि कुणाकडून तरी वसूल होते. तो आधार आणि ती वसुली तुम्ही गाळता. प्रसंग लटका पडतो तो त्यामुळे.

तुमच्या सेटवर ती जीप खरी उचलतो कोण? क्रेन. तिचे दोर मग संगणकावर पुसले जातात. पुढच्या वेळी पुसण्याआधी त्या क्रेनकडे जरा बघा. ओझ्याला हात लावण्याआधी ती दोन्ही बाजूंना लोखंडी पाय काढते. पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले जातात. ओझ्याच्या उलट बाजूला तिच्या पाठीवर वजन लादलेलं असतं. इंजिनात दम आहे एवढ्यावर तिचं भागत नाही. पाय न काढता लांब हात करून ओझं उचलायला गेली तर क्रेनसुद्धा तोंडावर आपटते.

आता नायक. जीप दीड हजार किलोची धरू, लांबी चार मीटर. तिचा गुरुत्वमध्य साधारण मधोमध, म्हणजे बंपरपासून दोनेक मीटर आत. नायक ८० किलोचा. त्याने बंपर धरून चारही चाकं हवेत नेली, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य त्याच्या पावलांच्या जवळजवळ दोन मीटर पुढे पडतो. तोल राहायचा तर तो पावलांच्या आत पडायला हवा, आणि पाऊल असतं जेमतेम वीतभर. मागे कितीही रेलला तरी ८० किलोने दीड टनाचा तोल सावरत नाही. दंड पोलादाचे असोत, पलीकडची चाकं जमीन सोडायच्या आत नायकच बंपरवरून पुढे पालथा. इथे स्नायूंचा प्रश्नच आलेला नाही, हे लक्षात घ्या. अमर्याद ताकदीचा माणूसही हे करू शकत नाही.

मग उचलायची कशी? तिच्याखाली शिरून. ओझं पावलांच्या बरोबर वर आलं पाहिजे. हे पाहायचं असेल तर सकाळी मार्केट यार्डात जा. ट्रकचा फाळका पाडलेला असतो. हमाल फाळक्याकडे पाठ करून कमरेत वाकतो. वरचे दोघे ज्वारीचं पोतं कडेला आणून त्याच्या पाठीवर कलंडवतात. पोतं मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांवर आडवं बसेपर्यंत तो हलत नाही. मग एका हाताने पोत्याचा कोपरा आकड्याने धरतो आणि निघतो. पावलं आखूड, भरभर. गुडघे पूर्ण सरळ कधीच नाहीत. नजर दोन-तीन फुटांवरच्या जमिनीवर. थप्पीपाशी पोचला की खांदा फिरवतो आणि पोतं आपल्या वजनाने घसरून जागेवर बसतं. तो ते ठेवत नाही, सोडतो. दिवसभर ही खेप चालते. पोतं छातीसमोर सरळ हातांनी धरून चालणारा हमाल मला अजून दिसलेला नाही. तुमचा नायक मात्र जीपही तशीच धरतो.

बरं, नायक जीपखाली शिरला, उभा राहिला. आता १५८० किलो दोन तळव्यांवर. दोन्ही मिळून तीनशे चौरस सेंटिमीटर जागा धरली तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाच किलोच्या वर भार. डांबरी रस्ता हे सोसेल. पण तुमचा क्लायमॅक्स असतो शेतात, पावसात, चिखलात. पाया खोदताना काळ्या मातीवर चौरस सेंटिमीटरला एक-दीड किलोच्या वर भार टाकायला इंजिनिअर राजी नसतात, आणि तेही ती कोरडी असताना. म्हणजे नायक जीप डोक्यावर घेऊन गुडघ्यापर्यंत खाली जाणार. दाखवा ना हे! खलनायक हसतोय, माती नायकाला गिळतेय, आणि तो एक पाय उपसून पुढे टाकतोय. याला एक पैचा जास्त खर्च नाही.

ढकलण्याची गोष्ट आणखी गमतीची आहे. नायक लाथ मारतो आणि उभी गाडी ताशी ३६ किलोमीटरने जाऊन भिंतीवर आदळते. ८० किलोचा माणूस कोरड्या डांबरावर चांगले बूट घालून आडवा जोर लावू शकतो फार तर ६५ किलोवजनाइतका. त्यापलीकडे बूट घसरतो. मांडी कुणाचीही असो. एवढ्या जोरावर दीड टनाची गाडी ३६ च्या वेगाला न्यायची तर जवळजवळ तेवीस सेकंद ढकलावी लागेल, शंभर-सव्वाशे मीटर तिच्यामागे पळत. बंद पडलेली गाडी धक्का मारून चालू करणाऱ्या प्रत्येकाला हे पोटऱ्यांतून माहीत आहे. आणि एकाच लाथेत उडवायचीच असेल, तर तेवढाच संवेग (वजन गुणिले वेग) नायकालाही उलट दिशेने मिळणार. गाडी ३६ ने पुढे, नायक ताशी पावणेसातशेने मागे. पोरांना हे गणित फार आवडतं. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, मग पिक्चरमध्ये नेमकं जिंकलं कोण?"

आता दहाव्या मजल्यावरून पडणारी नायिका. खाली नायक हात पसरून उभा. तीस मीटर खाली येईपर्यंत तिचा वेग ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास जातो. हातात आल्यावर ती अर्ध्या मीटरमध्ये थांबली असं धरू. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर: तीस भागिले अर्धा, म्हणजे साठ. तिच्या शरीराला स्वतःच्या वजनाच्या साठपट धक्का, तोही पाठीखाली आणि गुडघ्याखाली आडव्या धरलेल्या दोन हातांवर. नायकाचे हात जितके बळकट, जितके न हलणारे, तितकं तिचं मरण नक्की. त्याने पकडलं काय आणि फुटपाथने पकडलं काय, तिच्या मणक्यांना फरक पडत नाही. तिला वाचवतं ते थांबण्याचं अंतर. तुमच्या सेटवरच्या स्टंट करणाऱ्या पोराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो उडी मारण्याआधी खाली पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांचे थर लावतो किंवा हवेची गादी मागतो, आणि थर स्वतः मोजतो. खोकी चिरडत जातात, तेवढं अंतर त्याला मिळतं. तुम्ही तो ढीग फ्रेमच्या बाहेर ठेवता आणि प्रेक्षकाला सांगता की दंडांनी वाचवलं. त्याऐवजी नायक दोराला लटकून तिच्याबरोबर खाली येत येत तिला धरतोय आणि दोघांचा वेग दहा-पंधरा मीटरमध्ये हळूहळू मोडतोय असं दाखवलंत, तर माझ्यासारखा मास्तरसुद्धा खुर्चीच्या कडेवर येऊन बसेल.

लोकल एका हाताने थांबवणाऱ्यावर फार बोलत नाही. ताशी ७२ ने येणारी गाडी एका मीटरमध्ये थांबवली तर आतल्या प्रत्येकाला आपल्या वजनाच्या वीसपट झटका. सहा वाजताची गर्दी, दारात लटकलेली माणसं. नायकाने किती जणांना वाचवलं ते तुम्हीच मोजा.

इथवर मी ताकद फुकट दिली होती. आता ती येते कुठून ते बघू.

स्नायूचा काटछेद घेतला तर दर चौरस सेंटिमीटरमागे तो साधारण अडीच-तीन किलोवजनाचा ताण देतो. उंदराचा असो, माणसाचा असो की हत्तीचा, आकडा याच्याच आसपास राहतो. म्हणजे ताकद ठरते काटछेदाच्या क्षेत्रफळावरून, आणि वजन ठरतं घनफळावरून. सगळ्या बाजूंनी आकार दुप्पट केला की काटछेद चौपट होतो आणि वजन आठपट. आकार वाढवत जा, ताकद वजनाच्या मागे पडत जाते. गॅलिलिओने हे १६३८ साली छापून ठेवलंय. तिप्पट लांबीच्या हाडाला तेच काम करायला किती जाड व्हावं लागेल, त्याचं चित्रही काढलंय. ते हाड इतकं बेढब दिसतं की राक्षस माणसाच्या घाटाचा असूच शकत नाही, हे बघताक्षणी कळतं.

मुंगीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सुपरमॅन १९३८ साली पहिल्यांदा छापला गेला तेव्हा त्याच्या ताकदीच्या समर्थनाला मुंगी आणि नाकतोडाच उभे केले होते. तेव्हापासून ही मुंगी काही पाठ सोडत नाही. सहा मिलिमीटरची मुंगी तीनशेपट मोठी करा, माणसाएवढी. स्नायूंचा काटछेद ९०,००० पट झाला, वजन २ कोटी ७० लाख पट. वजनाच्या मानाने ताकद तीनशेपट घटली. पूर्वी स्वतःच्या पन्नासपट ओझं उचलत असेल तर आता स्वतःच्या वजनाचा सहावा भाग. तिला उभंच राहता येणार नाही. शिवाय ती श्वास घेते अंगावरच्या बारीक छिद्रांमधून. एवढ्या मोठ्या देहात हवा त्या वाटेने आतपर्यंत पोचणार नाही. मुंगीची ताकद हवी असेल तर मुंगीएवढंच राहावं लागतं.

हेच गणित माणसांतही दिसतं, वेटलिफ्टिंगच्या प्लॅटफॉर्मवर. तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू, ६० किलो वजनी गट, १९८८ चं सोल ऑलिंपिक: क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे ओझं आधी खांद्यांवर आणि मग डोक्यावर नेण्याच्या प्रकारात, १९० किलो. स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे, वजन पावणेदोनशे किलोच्या घरात, २०२१ ची ताश्कंदची जागतिक स्पर्धा: २६७ किलो. केवढा तरी मोठा आकडा, पण त्याच्या वजनाच्या दीडपटच. आपली मीराबाई चानू ४९ किलो गटात त्याच वर्षी ११९ किलो उचलून गेली, अडीचपटीच्या जवळ. तुमच्या कास्टिंगवाल्यांना सांगा: अंगाच्या मानाने अचाट ताकद हवी असेल तर बुटकं माणूस शोधा. आणि निव्वळ ओझं हवं असेल तर तालाखाद्झेचं पोट बघा. जगातली सर्वात ताकदवान माणसं सिक्स पॅकवाली नसतात. तुमच्या सिनेमात पहिल्या पाच मिनिटांत मार खाणारा तो ढेरपोट्या गुंड असतो ना, खरी जीप हलवायची वेळ आली तर तोच कामाला येईल. नायक शर्ट काढतो तेव्हा कॅमेरा दंडावर जातो, पण ओझं उचलतात मांड्या, नितंब आणि पाठ.

स्नायू वाढवले तरी ते हाडाला बांधलेले असतात कंडरेने, आणि तिथे दुसरी वसुली सुरू होते. तुमच्या दंडाचा स्नायू कोपराच्या सांध्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर जोडलेला आहे, आणि तळहात आहे पस्तीसवर. म्हणजे हातात दहा किलो धरले की स्नायूला सत्तर-ऐंशी किलोने ओढावं लागतं. आपलं शरीर वेगासाठी घडलंय, ओझ्यासाठी नाही. हातापायांच्या या तरफा सगळ्या तोट्याच्या. १९७७ साली प्रसिद्ध झालेली एक नोंद मला विसरता येत नाही. स्पर्धेत १७५ किलो उचलणाऱ्या एका लिफ्टरची गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा तुटली, आणि योगायोगाने तेव्हा चित्रीकरण चालू होतं. फिल्मवरून हिशेब मांडला, तेव्हा तुटतानाचा ताण निघाला जवळजवळ १४,५०० न्यूटन. दीड हजार किलोवजन! तुमच्या जीपएवढा भार एकट्या कंडरेवर, तोही हातात फक्त १७५ किलो असताना. त्याचं वजनही आपल्या नायकाएवढंच, ऐंशीच्या आसपास होतं. आता खरी जीप त्या गुडघ्यावर ठेवा.

"मग जनुकंच बदलू," असं तुमच्यातला एखादा लेखक म्हणेल. म्हणा. निसर्गाने ते करून पाहिलंय. मायोस्टॅटिन नावाचं एक प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालतं. १९९७ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत ते जनुक बंद केलेले उंदीर दाखवले गेले. त्यांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले होते. बेल्जियन ब्लू जातीच्या बैलांत हाच बिघाड पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. त्यांचे फोटो बघितलेत तर वाटेल, कातडीखाली कुणीतरी दगड भरलेत. बर्लिनमध्ये जन्मलेल्या एका मुलाची नोंद २००४ साली छापून आली: साडेचार वर्षांचा असताना तो दोन्ही हातांत तीन-तीन किलोचे डंबेल आडवे धरून ठेवायचा. म्हणजे तुमचा नायक अगदीच हवेतला नाही. पण त्या गाईंना वासरं बाहेर काढायला बहुतेक वेळा सिझेरियन लागतं. आणि त्या उंदरांच्या कंडरा तपासल्या तेव्हा त्या बारीक, ताठर आणि ठिसूळ निघाल्या. इंजिन मोठं, दोरखंड कच्चा. एवढ्या एका गोष्टीवर आख्खी वेबमालिका उभी राहील: जन्मतः अचाट ताकदीचा मुलगा, आणि ती पूर्ण वापरली तर आपण तुटू हे त्याला एकट्यालाच माहीत.

चिंपांझीचंही सांगतो, कारण "माणसापेक्षा आठपट ताकदवान" हा संवाद मी ऐकलाय. २०१७ साली त्यांचे स्नायू नीट मोजले गेले. तेवढ्याच स्नायूमागे ताकद निघाली माणसाच्या साधारण एक पूर्णांक एक तृतीयांश पट. त्यांच्यात झपकन आखडणारे तंतू जास्त असतात, आपल्यात दमाने काम करणारे. आपण त्यांच्याशी पंजा लढवायला जाऊ नये हे खरंच, पण लांब पल्ल्याला आपण त्यांना दमवू.

आता ते तीस टक्के, आणि मुलावर गाडी पडल्यावर ती उचलणारी आई. पोरं यावर सगळ्यात जास्त अडतात. पूर्ण जोर लावलेल्या स्नायूच्या मज्जातंतूला बाहेरून विजेचा धक्का देऊन पाहतात. काही शिल्लक असेल तर स्नायू आणखी आखडतो. सराव असलेल्या धडधाकट माणसात शिल्लक फारच थोडी निघते. नव्वद टक्क्यांच्या वर तो आधीच वापरत असतो. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोपर वाकवण्याचा जोर मोजता मोजता अचानक पाठीमागे पिस्तुलाचा बार काढला. जोर वाढला सात-आठ टक्क्यांनी. स्वतः मोठ्याने ओरडल्यावर बारा टक्क्यांनी. संमोहनाखाली पाव भागाहून थोडा जास्त. म्हणजे भीती, राग, आरोळी यांनी ताकद वाढते, पण पाव-अर्ध्या पटीच्या भाषेत, दहापट नाही.

तरी ती आई खोटी नाही. हजार किलोची छोटी गाडी, एका चाकाच्या वाट्याला अडीचशे. शिवाय गाडीचा सांगाडा स्प्रिंगांवर बसलेला असतो. तो चार-पाच सेंटिमीटर वर घ्यायला चाक जमिनीवरून सुटावंच लागत नाही, स्प्रिंग आपल्या बाजूने ढकलत असते. आणि पोराचा हात ओढून काढायला चार-पाच सेंटिमीटर पुरतात. एरवी जिला नव्वद किलोही उचलायला जमले नसते, त्या बाईने हे एकदा, दोन सेकंद केलं. दुसऱ्या दिवशी तिची पाठ धरली असेल. तुम्ही ही आई घेता आणि तिच्या हातून आख्खी गाडी डोक्यावर नेता. तिचा प्रसंग चार सेंटिमीटरचाच असू द्या. कॅमेरा टायरच्या शेजारी जमिनीवर ठेवा, आणि टायरचा दबलेला भाग हळूहळू गोल होताना दाखवा. थिएटर श्वास रोखून बघेल.

ऊर्जेच्या हिशेबात मात्र मी तुमच्या बाजूने. दीड टनाची जीप दोन मीटर वर न्यायला लागणारं काम सात किलोकॅलरीचं. स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली तर पोटातून जातात अठ्ठावीस. भाकरीचे दोन-तीन घास! अडचण खाण्याची नाही, ते घास एका सेकंदात वापरण्याची आहे: चाळीस अश्वशक्ती. उत्तम वेटलिफ्टर पाच-सहा अश्वशक्तीपर्यंत जातो, तोही डोळ्याची पापणी लवायच्या आत. उरलेली पाऊण ऊर्जा उष्णता होऊन अंगातच राहते. ८० किलोच्या शरीराचं तापमान एका जीपमागे सुमारे ०.३ अंशाने चढेल. सलग दहा जिपा उचलल्या की ताप ४० अंशांवर. म्हणजे तुमच्या शेवटच्या मारामारीत नायक घामाने निथळत, लालबुंद होऊन, बरळत उभा असायला हवा. तुम्ही कपाळावर शोभेपुरता घाम फवारता.

आणि एक गोष्ट जरा रागानेच लिहितो. शर्ट काढण्याच्या शॉटआधी नटाला पाणी तोडायला लावतात, म्हणजे कातडी स्नायूंना चिकटून दिसते. त्या दिवशी तो नट अशक्त असतो. हे तुम्हाला माहीत आहे, माझ्या वर्गातल्या पोरांना माहीत नाही. ती पोरं तशीच उपाशी-तहानलेली व्यायामशाळेत जातात, कुणीतरी दिलेली पावडर घेतात, पुढे सुया घेतात. संप्रेरकांच्या सुयांनी स्नायू वाढतो हे खरं आहे, म्हणून तर ती वाट मोहाची. पण कंडरा त्या वेगाने तयार होत नाही, आणि हृदय मोबदला मागतं. एका दिवसात मर्यादेपलीकडे व्यायाम केला की स्नायूंचे तंतू फुटतात, त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं, लघवी कोलासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. नायकाच्या सरावाच्या गाण्यात हे कधी येत नाही. एक कडवं द्या त्याला.

खरी अचाट माणसं पडद्यावर आणायची असतील तर कमतरता नाही. २०१६ साली लीड्समध्ये एडी हॉलने ५०० किलोची डेडलिफ्ट केली, म्हणजे जमिनीवरची सळई हातांत धरून तो सरळ उभा राहिला. सळई वाकते, बाहेरच्या चकत्या आधी हलतच नाहीत, मग एकेक जमीन सोडतात. ओझं वर आलं ते जेमतेम मांडीपर्यंत. नंतर त्याच्या नाकातून रक्त आलं आणि काही वेळ दिसेनासं झालं. पुढे हा आकडाही ओलांडला गेला. ट्रक ओढणारे असतात. सपाट रस्त्यावर दहा टनांचा ट्रक एकदा चालता झाला की त्याला शंभरेक किलोवजनाचा जोर पुरतो. खरी मारामारी असते ती पहिल्या इंचासाठी. छाती जमिनीला लागेल इतकं वाकून, पावलं मागे रोवून माणूस दोराला लोंबकळतो आणि पाच-सहा सेकंद काहीच हलत नाही. त्या पाच-सहा सेकंदांत तुम्ही पार्श्वसंगीत बंद ठेवलंत तरी चालेल.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या सिनेमाच्या फाइट सीनआधी यार्डातला एखादा जुना हमाल सेटवर बोलवा आणि नायकाला त्याच्या हाताखाली आठ दिवस द्या. क्रेन चालवणाऱ्याला आणि खोकी रचणाऱ्या पोरालाही त्या बैठकीत बसवा. तिघांनाही दिवसाची हजेरी द्या आणि श्रेयनामावलीत नाव द्या. गणितं तपासायला मी येईन, रविवारी मोकळा असतो. मला हजेरी नको, पहिल्या दिवसाच्या पहिल्या खेळाची दोन तिकिटं चालतील.

आपला,
मागच्या रांगेतला एक प्रेक्षक